दोनशे चौदा ठिपके

कारखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत. गल्लीतही ती सिस्टरच. दूधवाला, शिंपी, समोरच्या घरातली म्हातारी, कुणाच्या तोंडी दुसरं नाव नाही. नवरा होता तोवर तोही चारचौघांत ‘आमच्या सिस्टर’ म्हणायचा आणि घरी आल्यावर त्याबद्दल बोलणी खायचा. वय चौपन्न, उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात प्रथमोपचाराची खोली तिच्या ताब्यात होती. एक खाट, एक काचेचं कपाट, एक बेसिन, भिंतीवर घड्याळ आणि टेबलावर नोंदवही. एकोणीस वर्षं तिनं त्या खोलीत कापलेली बोटं धुतली, बांधली आणि वहीत लिहिली.

वहीत रकाने सहा. तारीख, वेळ, नाव, मशीन, जखम, कारण. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं तेही वर बारीक अक्षरात छापलेलं होतं: निष्काळजीपणा, यंत्रातील बिघाड, इतर. ती नवीन होती तेव्हा निवृत्त होणाऱ्या कंपाउंडरनं तिला कानमंत्र दिला होता. “बिघाड लिहिलंस तर पाच फॉर्म भरावे लागतात आणि वर्कशॉपवाले भांडायला येतात. इतर लिहिलंस तर इतर म्हणजे काय ते विचारतात. निष्काळजीपणा लिही, कुणी फिरकत नाही.” म्हातारा काही वाईट नव्हता. त्यानं तिचा त्रास वाचवला, तिनंही तो मुकाट्यानं वाचवून घेतला. हात कुणाचा का असेना, शब्द तयारच असायचा.

मग एका सोमवारी सूचनाफलकावर तो गोल लागला.

गोल म्हणजे काय, चांगला जाडजूड, तिरका ठेवलेला, कडेला सावली वगैरे असलेला. कापलेल्या केकसारखे त्याचे तुकडे. लाल तुकडा सगळ्यांत पुढे, बघणाऱ्याच्या अंगावर आल्यागत. त्यावर मोठ्या अक्षरात ‘निष्काळजीपणा ७१%’. मागे कुठेतरी करड्या रंगात बाकीचे दोघं अंग चोरून उभे. उत्पादन बघणाऱ्या मॅनेजरसाहेबांनी तो बनवून घेतला होता आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलंही होतं: माहितीचा स्रोत, प्रथमोपचार नोंदवही, तीन वर्षं, २१४ अपघात.

सिस्टरनं तो वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. कारण त्या लाल तुकड्यातलं अक्षरन् अक्षर तिच्या पेनातून उतरलेलं होतं.

अकरा वाजता धाकटी पट्टी बदलायला आली. पंचिंग मशीनच्या लाइनवर सगळ्यांत लहान म्हणून धाकटी, एरवी तीस वर्षांची, दोन मुलांची आई. आठवड्यापूर्वी गुरुवारी, तीन वाजून वीस मिनिटांनी, तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीननं नेली होती. आता तिच्यावर चौकशी बसली होती. नोटिशीत लिहिलं होतं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. ते सिद्ध झालं की नोकरी जाणार, आणि दोन बोटं गेलेल्या बाईला दुसरा कुठला कारखाना दारात उभं करणार?

पट्टी सुटेपर्यंत धाकटी बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, “सिस्टर, एक विचारू? माझ्या नावापुढे तुम्ही काय लिहिलंत?”

सिस्टरनं कापूस हातात तसाच धरला. खोटं बोलता आलं असतं. धाकटीला वही कोण दाखवणार होतं?

“निष्काळजीपणा,” ती म्हणाली.

“तुम्ही होतात तिथे?”

“नाही गं.”

धाकटी रडली नाही, भांडली नाही. नुसतं “बरं” म्हणाली. त्या ‘बरं’नं सिस्टरला जे लागलं ते शिव्यांनी लागलं नसतं. ती निघून गेल्यावर सिस्टरनं दार लावून घेतलं आणि स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली, “आता बघतेच मी.” काय बघणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण पित्त खवळलं की तिला आधी बोलायचं असतं, विचार मागून येतो.

चौकशीला तीन आठवडे होते.

त्या संध्याकाळी तिनं सुनेला टेबलाशी बसवलं. सून एका कचेरीत कॉम्प्युटरवर काम करायची, हुशार आणि सासूच्या तोंडाला न भिणारी. सिस्टरनं कागदाची चळत पुढे टाकली. तीन वर्षांच्या नोंदी, दोनशे चौदा ओळी, दुपारभर हातानं उतरवलेल्या.

“याचं चित्र काढायचंय मला. त्यांनी काढलंय ना, त्याच्याहून भारी.”

“आई, भारी म्हणजे?”

“भारी म्हणजे भारी. बघितल्यावर डोळे दिपले पाहिजेत.”

चार संध्याकाळी खपून त्यांनी एक गोल काढला. अकरा तुकडे, अकरा रंग, प्रत्येक मशीनला एक. कडेला सावली होतीच. अक्षरं तिरपी, मागे फिकट निळं आकाश. सुनेनं दोनदा तोंड वाकडं केलं, पण सासूचा उत्साह बघून गप्प बसली. सिस्टरनं तो रंगीत छापून आणला आणि आपल्या खोलीत खाटेच्या वर चिकटवला. दिवसभर जो येई तो म्हणे, “वा, छान!” काय छान ते कुणी सांगेना.

दुपारी छपाई विभागातले मामा अंगठा चिरून घेऊन आले. खोक्यांवर जे काही छापलं जातं, नाव, बाण, ‘हे वर ठेवा’, ते सगळं मामांच्या हाताखालून जाई. चाळीस वर्षांत त्यांनी पुठ्ठ्याशिवाय दुसरं काही छापलं नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. अंगठा पुढे करून ते भिंतीकडे बघत राहिले.

“सिस्टर, कुणाचा वाढदिवस आहे?”

“मामा, ते अपघातांचं चित्र आहे!”

“असं होय. मला वाटलं, फुगे.”

सिस्टरनं आयोडीन जरा जास्तच ओतलं. मामा कळवळले, पण बोलायचे थांबले नाहीत. “हे बघा, आमच्याकडे एक रंग म्हणजे एक प्लेट. प्रत्येक रंगाला खोकं पुन्हा मशीनमधून काढायचं. म्हणून आमच्याकडे कुणी दुसरा रंग मागितला की मी पहिल्यांदा विचारतो, तो काम काय करणार? तुमच्या अकरा रंगांतला एक तरी कामाला आहे का? सगळे नटून बसलेत.”

“पण दिसायला नको का चांगलं?”

“दिसायला पाहिजे, वाचायलाही पाहिजे. खोकं उचलणारा माणूस वाचायला थांबत नाही, सिस्टर. त्याच्या पाठीवर ओझं असतं. मी दहा पावलं लांब जातो, चष्मा काढतो, आणि कळतंय का बघतो. नाही कळलं, तर प्लेट पुसायची.”

मामा गेले. सिस्टर दहा पावलं मागे गेली, म्हणजे खोलीबाहेर व्हरांड्यातच गेली, आणि चष्मा काढला. फुगेच दिसत होते. तिनं आत येऊन कागद टराटरा फाडला. एवढ्या कष्टाचा कागद फाडताना तिला वाईट वाटलं, पण तिला राग आला होता तो मामांचा नाही, स्वतःचाच. नटवेपणानं नटवेपणाला हरवायला निघाली होती ती.

दुसरा कागद तिनं उभ्या पट्ट्यांचा केला. गेल्या वर्षी पंचिंग मशीनवर चव्वेचाळीस अपघात, यंदा बावन्न. यंदाची पट्टी गेल्या वर्षीच्या तिप्पट उंच दिसत होती. सिस्टर हरखली. हे दाखवलं की संपलंच! मध्यंतराच्या सुट्टीत ती कागद घेऊन छपाई विभागात गेली. मामांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, दोन्ही उंच्या मोजल्या आणि पट्टी परत खिशात घातली.

“बावन्न हे चव्वेचाळीसच्या तिप्पट कधीपासून झाले?”

तिनं नीट पाहिलं. कॉम्प्युटरनं मोजणी शून्यापासून सुरूच केली नव्हती, चाळिसापासून केली होती. एका पट्टीचे वरचे चार दिसत होते, दुसरीचे बारा. खालचे चाळीस अपघात कागदाबाहेर राहिले होते.

“मी नाही केलं, त्यानं आपोआप केलं,” ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “पण मामा, राहू दे की. त्यांनी नाही का लाल तुकडा पुढे ओढला? आपल्यालाच काय मेली सचोटी?”

“त्यांचं त्यांच्यापाशी. त्यांच्या हातात नोकरी आहे, त्यांचं खोटं चालून जातं. तुमच्या हातात फक्त हा कागद आहे. एवढ्याशा मोजपट्टीत तो सापडला, की धाकटी गेली.”

कागदाची घडी करून सिस्टरनं ती पर्समध्ये टाकली. शून्यापासून काढल्यावर दोन पट्ट्या जवळजवळ सारख्याच झाल्या आणि त्या कागदात दम उरला नाही. चौकशीला आठ दिवस राहिले होते आणि तिच्या हातात फक्त वाया गेलेले कागद होते. त्या संध्याकाळी ती सुनेवर विनाकारण ओरडली, मग विनाकारण तिला चहा करून दिला.

सून चहा पितापिता म्हणाली, “आई, तुम्ही सारख्या बेरजाच का करता? बेरजेत माणसं चेंगरतात. एकेक अपघात वेगळा मांडून बघा की. तुमच्याकडे सगळ्यांत खात्रीची गोष्ट कोणती आहे?”

“कसली खात्री! कारण तर मी डोळे मिटून लिहिलंय.”

“आणि वेळ?”

“वेळ घड्याळात बघून. जखमी माणूस आत आला की मी पहिल्यांदा घड्याळ बघते. तशी शिकवणच आहे आम्हाला.”

सुनेनं कप खाली ठेवला आणि नोंदींची चळत पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी मामांनी पांढऱ्या पुठ्ठ्याचा दरवाजाएवढा तावच कापून दिला. सिस्टरनं त्यावर पेन्सिलीनं सहा आडव्या ओळी आखल्या, सोमवार ते शनिवार. ओळींवर डावीकडून उजवीकडे तास, सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. मग पेन्सिलीच्या मागचं खोडरबर काळ्या शाईत बुडवून एकेका अपघाताचा एकेक ठिपका उमटवायला बसली. दोनशे चौदा ठिपके. जेवणाच्या सुट्टीत, सुटल्यावर तासभर, असे तीन दिवस. पहिले पन्नासेक ठिपके चांदण्यासारखे विखुरले आणि तिचा धीर सुटला. शंभरानंतर ते गोळा व्हायला लागले. सोमवार ते शुक्रवार पाचही ओळींत, दुपारी अडीच ते चार, काळाकुट्ट पुंजका. चार ते पाच जवळजवळ कोरं.

चार वाजता मालाचा ट्रक निघतो.

आणि शनिवारच्या ओळीत पुंजका तिथे नव्हताच. तो सकाळी साडेदहा ते बाराला जाऊन बसला होता. तिनं दोनदा तपासलं, चूक झाली असेल म्हणून. मग तिचं लक्ष स्वतःच्या टेबलाकडे गेलं. शनिवार होता, सव्वादहा वाजले होते, आणि टेबलावर जखमांसाठी कापलेल्या पट्ट्यांची चळत तिनं आत्ताच, नेहमीप्रमाणे, तयार करून ठेवली होती.

शनिवारी ट्रक बाराला जातो. इतर दिवशी ती पट्ट्या कधी कापायची? सव्वादोनला. कपाटातल्या बाटल्या किणकिणायच्या जरा आधी. पंचिंग मशीनचा वेग वाढवला की जमीन थरथरे, बाटल्या वाजत, आणि त्याआधीच तिचे हात कात्रीकडे गेलेले असत. लाइनवर त्या वेळी मशीनची हात वाचवणारी जाळी वर बांधून ठेवतात, कारण जाळी असली की पुठ्ठा भराभर सरकवता येत नाही, हे बाहेर प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एकोणीस वर्षं तिच्या हातांना सगळं ठाऊक होतं. फक्त तिच्या पेनला नव्हतं.

तेवढ्यात बाटल्या किणकिणल्या. सिस्टरनं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं, आणि तिला भयंकर लाज वाटली.

शेवटी रंगाचा प्रश्न आला. मामांनी लाल शाईची डबी आणली आणि विचारलं, “हा काम काय करणार?”

“धाकटीचा ठिपका लाल करू. बिचारी उठून दिसेल.”

मामांनी होकारही दिला नाही, नकारही. डबी तिच्यासमोर ठेवून ते उभे राहिले. सिस्टरनं काडी शाईत बुडवली, गुरुवारची ओळ शोधली, तीन वीस. आणि हात थांबला. उठून दिसली तर ती वेगळी दिसेल. एकटीच चुकलेली.

तिनं लाल शाईनं ट्रक निघायची वेळ आखली. पाच दिवसांना चारवर एक रेघ, शनिवारला बारावर एक. बास. वर मथळा लिहिला. मॅनेजरसाहेबांच्या गोलावर ‘अपघातांचे विश्लेषण’ होतं, हिनं लिहिलं, ‘ट्रक निघण्याआधीच्या दीड तासात आमचे हात कापले जातात’. मामा दहा पावलं मागे गेले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि छपाईकडे चालते झाले. त्यांची शाबासकी ती एवढीच.

चौकशी मालकांच्या लांबट खोलीत होती. टेबलाच्या टोकाला म्हातारे मालक, शेजारी मॅनेजरसाहेब, कडेला धाकटी, बांधलेला हात मांडीवर. पडद्यावर तो लाल गोल. साहेबांनी समजावून सांगितलं की आकडे बोलतात. सिस्टरला साक्षीला बोलावलं होतं ते फक्त वही तिचीच आहे एवढं सांगायला. ती आली ती पुठ्ठ्याचा ताव काखेत मारून, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं तो समोरच्या भिंतीला टेकवला.

“हे काय?” साहेब म्हणाले. “तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. वही माझी, ठिपके माझे.”

मालक बघत राहिले. खोली लांब होती, ताव दुसऱ्या टोकाला. सिस्टर एक शब्द बोलली नाही. मामांनी बजावलं होतं, खोकं स्वतः बोलत नाही, ते वाचलं जातं.

“शनिवारी हे सरकलेत का?” मालकांनी विचारलं.

“हो.”

“शनिवारी ट्रक...” मालक बोलता बोलता थांबले. त्यांची नजर लाल रेघेवर गेली होती.

साहेब घाईघाईनं म्हणाले, “दिवस संपताना लोक दमतात, लक्ष घराकडे असतं, त्यामुळे...”

“चार ते पाच बघा, साहेब. सगळ्यांत जास्त दमलेला तास. तिथे कोरं आहे. दोनशे चौदांतले एकशे एकतीस त्या दीड तासांत आहेत. त्या वेळी वेग वाढतो आणि जाळी वर बांधतात. माझ्यावर विश्वास नको, आज अडीचला चला माझ्या खोलीत. कपाटातल्या बाटल्या सांगतील.”

साहेबांनी वही उघडली. धाकटीचं पान काढून मालकांपुढे सरकवलं. “अक्षर कुणाचं आहे? काय लिहिलंय? वाचा की.”

हा क्षण येणार हे तिला ठाऊक होतं. तीन आठवडे तिनं त्याच्यासाठी शब्द जुळवले होते, ते सगळे आता पळाले.

“अक्षर माझं आहे,” ती म्हणाली. “निष्काळजीपणा लिहिलंय. एकशे बावन्न वेळा लिहिलंय, आणि त्याआधीची सोळा वर्षं वेगळी. मी एकदाही तिथे नव्हते. मी माझ्या खोलीत बसून लिहिलं, कारण ते लिहिलं की कुणी काही विचारत नाही. या वहीत कुणाचा निष्काळजीपणा असेल तर तो माझा आहे. मला काय शिक्षा करायची ती करा. पण वेळ मी घड्याळात बघून लिहिली आहे, आणि वेळ खोटी नाही.”

धाकटी सिस्टरकडे बघत होती.

साहेबांना राग आवरेना. ते उठून तावापाशी गेले. “बरं, यातला हिचा ठिपका कुठला? दाखवा!”

“शोधा तुम्ही,” सिस्टर म्हणाली.

साहेब वाकले. गुरुवारच्या ओळीवर त्यांचं बोट फिरलं. तीनपाशी, सव्वातीनपाशी, साडेतीनपाशी. काळ्यावर काळे ठिपके, एकाच्या अंगावर एक.

“नाही सापडणार,” सिस्टर म्हणाली. “ती वेगळी नाहीच आहे.”

निकाल आठवड्यानं आला. धाकटीची नोटीस मागे घेतली आणि तिला गठ्ठे मोजायच्या टेबलावर बसवलं. पंचिंग मशीनची जाळी कुलूप घालून पक्की केली. ट्रक आता पाचला निघतो. त्याच दिवशी सिस्टरला मेमो मिळाला, नोंदी बेजबाबदारपणे ठेवल्याबद्दल, आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली असताना तिची वेतनवाढ थांबली. तिनं मेमो दोनदा वाचला. म्हणाली, “बरोबर लिहिलंय,” आणि सही केली. खोलीत लावलेला ताव मात्र खाली उतरवा म्हटल्यावर तिनं ऐकलं नाही. तो आजही खाटेच्या वर आहे.

पुढच्या महिन्यात घड्या घालायच्या विभागातला एक माणूस अंगठा चिरून आला. सिस्टरनं घड्याळ पाहिलं, जखम धुतली, बांधली, वहीत वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मी तिथे नव्हते.’ दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्यालाही तेच.

चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेब वही घेऊन खोलीत आले. “सिस्टर, हे काय चालवलंय? या रकान्यात तीनच शब्द चालतात. त्यातला एक लिहा.”

सिस्टरनं वही त्यांच्याकडे फिरवली, पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

“तुम्ही होतात का तिथे? मग लिहा तुम्ही.”

साहेबांनी पेन थोडा वेळ हातात धरलं. मग टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि ते निघून गेले.